जड मशीनचं ऑइल-ग्रीस: बेळगाव, खानापूर, निपाणी भागातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जेसीबी, पोकलेन, टिप्पर, ऊसतोड मशीन, खडी क्रशर यांच्या दुरुस्तीत माझी पंचवीस वर्षं गेली. बेळगावहून खानापूर, संकेश्वर, निपाणी, चिकोडी, पार अथणीपर्यंत साइटवर जावं लागतं आणि सगळीकडे मालक, ऑपरेटर साधारण तेच प्रश्न विचारतात. फोनवर घाईत अर्धवट उत्तरं दिली जातात, म्हणून ती इथे सविस्तर लिहिली आहेत.

चांगल्या ऑइलनं मशीनचं आयुष्य खरंच वाढतं का, की ही दुकानदाराची भाषा आहे?

वाढतं. कसं, ते एकदा नीट समजलं की पुढचे निम्मे प्रश्न पडणारच नाहीत.

चालू इंजिनात क्रँकशाफ्ट बेअरिंगच्या धातूवर घासत नसते. दोघांच्या मध्ये तेलाचा पापुद्रा असतो आणि शाफ्ट त्यावर तरंगते. हा पापुद्रा जेमतेम काही मायक्रॉनचा. आपल्या डोक्याचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज करा. पापुद्रा टिकला तर धातू धातूला लागत नाही. तेल फार पातळ झालं, फार तापलं, त्यात डिझेल किंवा पाणी मिसळलं, नाहीतर पापुद्र्यापेक्षा जाड धुळीचा कण आत शिरला की तो फाटतो, आणि तिथून झीज सुरू होते.

शिवाय तेलाला बाकीची कामंही असतात. पिस्टनची उष्णता खाली आणायची, काजळी स्वतःत धरून ठेवायची, डिझेल जळताना होणारं आम्ल मारायचं, मशीन बंद असताना गंज येऊ द्यायचा नाही. ही कामं तेलात घातलेली रसायनं करतात आणि करता करता संपतात. हलक्या तेलात ती मुळातच कमी असतात. पहिल्या दिवशी दोन्ही तेलं बोटांवर सारखीच बुळबुळीत लागतात. फरक शेकडो तासांनी कळतो, तोवर बेअरिंगनं किंमत मोजलेली असते.

पण "चांगलं ऑइल" म्हणजे महागडा डबा एवढंच नव्हे. योग्य ग्रेडचं, स्वच्छ राहिलेलं आणि वेळेवर बदललेलं तेल म्हणजे चांगलं तेल. मी उघडलेल्या बहुतेक खराब पंपांमध्ये तेल नामांकित कंपनीचंच होतं. आत माती आणि पाणी मात्र आपल्या साइटवरचं होतं.

लिटरमागे शंभर रुपये वाचतात, मग स्वस्त तेल घातलं तर काय बिघडलं?

हिशेब मांडू. बॅकहो लोडरच्या, म्हणजे आपल्या जेसीबीच्या, इंजिनात साधारण पंधरा लिटर तेल बसतं. लिटरमागे १०० रुपये वाचवले, म्हणजे वाचले १,५०० रुपये. ते तेल ५०० तास चालवलं तर तासाला ३ रुपये. त्याच एका तासात मशीन पाच-सहा लिटर डिझेल पिते. तासाला तीन रुपयांत टपरीवरचा अर्धा चहाही येत नाही, आणि त्यासाठी आपण पिस्टन, लायनर, टर्बो पणाला लावतो. इंजिन खोलायचं झालं तर सुट्या भागांच्या बिलाआधी मशीन उभी राहिल्याचे दिवस मोजा.

डब्यावरचे आकडे आणि अक्षरं कशी वाचायची?

दोन गोष्टी बघा. पहिली जाडी: १५डब्ल्यू-४०. यातला पहिला आकडा थंडीतलं वागणं सांगतो, दुसरा इंजिन तापल्यावरची जाडी. आपल्याकडे डिसेंबरच्या पहाटे बेळगावात चांगली थंडी पडते आणि एप्रिल-मेमध्ये अथणीच्या बाजूला पारा चाळिशीला टेकतो. हे सगळं १५डब्ल्यू-४० आरामात सांभाळतं. "आमच्याकडे ऊन जास्त, जाडच तेल घालू" म्हणून एकेरी ४० नंबर घालू नका. पहाटे चालू करताना ते वरपर्यंत पोहोचायला उशीर लावतं आणि तेवढे सेकंद इंजिन कोरडं फिरतं.

दुसरी गोष्ट दर्जा: एपीआय सीएच-४, सीआय-४, सीके-४ अशी अक्षरं. यात "सी" म्हणजे डिझेल इंजिनासाठी, आणि पुढचं अक्षर जितकं पुढचं तितकं तेल नव्या इंजिनासाठी बनलेलं. ज्या मशीनला धूर गाळणारा डीपीएफ फिल्टर आहे, तिथे मॅन्युअल सांगेल ते कमी राखेचंच तेल घाला, बहुतेक ठिकाणी ते सीके-४ असतं. जुन्या दर्जाच्या तेलाची राख त्या फिल्टरमध्ये साठते आणि ती जळून जात नाही.

हायड्रॉलिक तेलावर, म्हणजे बकेट-बूम दाबानं उचलणाऱ्या तेलावर, आयएसओ व्हीजी ४६ किंवा ६८ लिहिलेलं असतं. तो चाळीस अंशांवरच्या जाडीचा आकडा आहे, दर्जाचा नव्हे. ६८ म्हणजे ४६ पेक्षा भारी, असं नाही. तुमच्या पंपाला काय लागतं ते मॅन्युअलमध्ये हवामानानुसार दिलेलं असतं.

ऑइल लगेच काळं होतं. म्हणजे खराब ना?

नाही. डिझेल इंजिनाचं तेल काळं होणं हे ते काम करत असल्याचं लक्षण आहे. काजळी तेलात तरंगत राहते, भागांवर चिकटत नाही. दोनशे तासांनंतरही तेल मधासारखं स्वच्छ दिसत असेल तर मला उलट शंका येते. काळ्या रंगाला घाबरू नका. डिपस्टिकवर तेल पांढुरकं दिसलं, त्याला डिझेलचा वास आला किंवा पातळी आपोआप वाढलेली दिसली, तर मात्र मशीन तिथेच बंद करा.

ऑइल किती तासांनी बदलायचं?

मॅन्युअलमध्ये लिहिलंय तितक्या तासांनी, आणि तास मोजा, नुसते महिने नाही. बहुतेक मशीनना इंजिन तेलासाठी २५० ते ५०० तास दिलेले असतात, नव्या मशीनची पहिली बदली त्याहून लवकर. खडी क्रशरवर, धुळीत किंवा दोन पाळ्यांत चालणाऱ्या मशीनला मी आकडा खालचा धरतो. तेल बदलताना फिल्टर जुनाच ठेवू नका. अंगावरचे कपडे न बदलता आंघोळ केल्यासारखं होतं ते.

जुनं तेल सोडताना ड्रेन प्लगचं चुंबक बघायची सवय लावा. त्यावर करडा, मऊ, शेणासारखा लगदा दिसला तर ती रोजची झीज, घाबरायचं कारण नाही. बोटांत चोळून कण टोचले, किंवा उन्हात चमकणारी पापडी दिसली, तर तो तुकडा कागदात गुंडाळून मिस्त्रीला दाखवा. पुसून फेकू नका.

नवं बॅरल सील तोडून थेट टाकीत ओतलं तर चालेल ना?

इंजिनात चालेल. हायड्रॉलिकमध्ये माझं मत स्पष्ट आहे: गाळूनच घाला.

आपल्या उद्यमबागेत हायड्रॉलिक पंप, व्हाल्व, सिलिंडर बनतात. तिथल्या कोणत्याही कामगाराला विचारा, आतल्या भागांमध्ये फट किती ठेवतात. उत्तर मायक्रॉनमध्येच येईल, आणि तेही थोडेच. माणसाच्या डोळ्याला चाळीस मायक्रॉनच्या खालचा कण दिसत नाही. म्हणजे तेल दिसायला काचेसारखं असलं तरी पंपाला खाणारी धूळ त्यात असू शकते. नवं तेल कारखान्यातून बॅरल, टँकर, गोदाम असा प्रवास करून येतं, ते पंपाला हवं तितकं स्वच्छ असेलच असं नाही. दहा मायक्रॉनच्या फिल्टरमधून हातपंपानं ओढून घातलं तरी पुष्कळ फरक पडतो.

आणि ते नरसाळं! डिझेलला, कूलंटला, इंजिन तेलाला, हायड्रॉलिकला एकच, मशीनच्या पायरीवर उघडं पडलेलं. सुरुवातीच्या काळात मीच घाईत असं नरसाळं फडक्यानं पुसून वापरलं होतं. फडक्याचे धागे व्हाल्वमध्ये अडकले आणि बकेटचा सिलिंडर आपोआप खाली उतरायला लागला. सबंध दिवस व्हाल्व ब्लॉक उघडून चिमट्यानं धागे काढले. तेव्हापासून हायड्रॉलिकचं नरसाळं वेगळं, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं, आणि पुसायला कधीच सुती चिंधी नाही.

हायड्रॉलिक फार तापतं. जाड तेल घालू का?

आधी कूलर बघा. ऊसतोड मशीनमध्ये पाचट आणि धूळ कूलरच्या जाळीवर गोधडीसारखी बसते. हंगामात दिवसातून दोनदा हवेनं झाडावं लागतं. पोकलेनमध्ये काळी माती बसते. कूलर साफ, पंख्याचा पट्टा ताठ, टाकीत पातळी बरोबर, एवढं तपासल्यावरच तेलाच्या ग्रेडचा विचार करा.

तापमान हलक्यात घेऊ नका. साठ-पासष्ट अंशांच्या वर दर दहा अंश वाढीला तेलाचं आयुष्य साधारण निम्मं होतं. ऐंशी अंशांवर महिनाभर चाललेलं तेल दिसतं बरं, पण आतून म्हातारं झालेलं असतं. सील कडक होतात ते याच उष्णतेनं.

पावसाळ्यात तेलात पाणी कसं जातं? सगळं तर बंद असतं.

बंद काही नसतं. दोन पावसाळ्यांपूर्वी जांबोटीच्या पुढे रस्त्याच्या कामावर एक पोकलेन अडली होती. बूम उचलताना थरथरत होता, पंप कण्हत होता. टाकीचं झाकण उघडलं तर आत ताक! टाकीत हवा ये-जा करू देणाऱ्या ब्रीदरची टोपी कधीतरी तुटली होती आणि ऑपरेटरनं तिथे कापडाचा बोळा कोंबला होता. दिवसा टाकी तापली की आतली हवा बाहेर जाते, रात्री थंड झाली की ती बाहेरची हवा ओढते. खानापूर-कणकुंबीच्या जुलैत ती हवा म्हणजे पाणीच. त्यात ओला बोळा वर बसलेला. मालक परत परत म्हणत होते, "तेल तर चांगल्यातलं घातलं होतं हो." घातलं होतंच. ब्रीदर काही शे रुपयांना मिळतो, पंपाचं काम मात्र त्यांना महिन्याभराच्या भाड्याला पडलं.

संशय आला तर साइटवरच तपासा. चहाच्या स्टोव्हवर जुना तवा चांगला तापवा, डोळ्यांवर चष्मा लावा, जरा लांब उभे राहा आणि तेलाचे दोन थेंब टाका, जास्त नको. चांगलं तेल पसरून नुसता धूर देतं. पाणी असेल तर फोडणीतल्या मोहरीसारखं तडतडतं.

बॅरलही पाणी पितं. उघड्यावर उभं ठेवलं तर वरच्या तबकडीवर पाणी साचतं आणि रात्री बॅरल थंड होताना बुचाच्या आट्यांतून ते आत ओढलं जातं. जागा नसेल तर बॅरल आडवं ठेवा, दोन्ही बुचं एका आडव्या रेषेत, म्हणजे ती तेलाच्या पातळीखाली राहतात. खाली दोन ओंडके घाला, मातीवर नको.

ग्रीस पिवळं चांगलं की काळं?

रंगावर जाऊ नका, रंग घालता येतो. काळं बहुतेक मॉलीचं असतं, म्हणजे त्यात मॉलिब्डेनम डायसल्फाइडची पूड असते. बकेट, आर्म, बूम यांच्या सांध्यांतल्या पिन-बुशमध्ये हालचाल हळू आणि दाब भयंकर असतो. तिथे ग्रीस दाबाखाली बाजूला सरलं तरी ती पूड धातूवर राहते. म्हणून पिन-बुशला मॉली, आणि वेगानं फिरणाऱ्या बेअरिंगला मॅन्युअलमधलं लिथियम किंवा लिथियम कॉम्प्लेक्स ग्रीस. साखर कारखान्याच्या मिलमधला रोलर मिनिटाला जेमतेम चार-पाच फेरे घेतो, तिथलं वंगण डांबरासारखं घट्ट असतं. तेच पंख्याच्या बेअरिंगला घातलं तर बेअरिंग भाजून निघेल. हळू आणि जड काम असेल तर घट्ट, वेगाचं आणि हलकं असेल तर पातळ, एवढं ध्यानात ठेवलं तरी चुका टळतात.

ग्रीस रोज मारायची खरंच गरज आहे का? आठवड्यातून एकदा भरपूर मारलं तर?

रोज, म्हणजे साधारण दर दहा तासांनी. आठवड्याचं जेवण रविवारी एकदाच जेवता येत नाही.

ग्रीस वंगण तर आहेच, पण आपल्या मातीत ते दरवाजाचंही काम करतं. खानापूरची तांबडी माती पावसात बुशच्या तोंडाशी लिंपल्यासारखी बसते, उन्हाळ्यात तिचीच पीठासारखी धूळ होते. निप्पल, म्हणजे ग्रीस आत जायचं तोंड, आधी पुसा. नाहीतर वरची माती तुम्ही स्वतःच्या हातानं आत ढकलता. मग ग्रीसगन लावा आणि बुशच्या कडेकडे बघत राहा. आधी लालसर, खरखरीत चिखल बाहेर येईल. त्यामागून काळपट जुनं ग्रीस आणि शेवटी स्वच्छ नवं. नवं दिसलं की थांबा आणि ती बाहेरची कडा पुसू नका, तीच धूळ अडवते. एखाद्या निप्पलला कितीही दाबलं तरी काहीच बाहेर आलं नाही, तर "हा जाम आहे" म्हणून पुढे जाऊ नका. तोच पिन पहिला जाणार. निप्पल बदला, वाट मोकळी करा.

सकाळपेक्षा संध्याकाळी काम संपल्यावर मारलेलं बरं. पिन गरम असतो, ग्रीस सगळीकडे पोहोचतं, आणि रात्रीचं पाणी आत शिरायला जागा उरत नाही.

क्रशरचं बेअरिंग तापतंय, आणखी ग्रीस मारू?

थांबा! वेगानं फिरणाऱ्या बेअरिंगच्या घरात ग्रीस साधारण तिसरा हिस्सा ते निम्मं असावं. ठासून भरलं तर ते आतल्या आत घुसळलं जातं आणि त्यानंच तापतं. दोन दिवसांत तीन वेळा ग्रीस मारून बेअरिंग घालवलेले क्रशरवाले मी पाहिले आहेत. मॅन्युअलमध्ये ग्रॅम दिलेले असतात. ग्रीसगनच्या एका दांड्याला किती ग्रॅम येतं ते घरच्या काट्यावर एकदा मोजून ठेवा.

दोन कंपन्यांची ग्रीस मिसळली तर?

लिथियममध्ये लिथियम सहसा निभावतं. लिथियममध्ये बेंटोनाइट किंवा पॉलियुरियाचं ग्रीस गेलं तर दोन्ही मिळून पातळ होऊन गळू शकतं. ग्रीस बदलायचं असेल तर जुनं पूर्ण बाहेर येईपर्यंत नवं मारा.

ट्रॅक्टरच्या मागच्या घरात ९० नंबर गिअर ऑइल घातलं, आता ब्रेक ओरडतात. का?

कारण ऑइल-ब्रेक, म्हणजे तेलात बुडालेले ब्रेक, असलेल्या ट्रॅक्टरमध्ये गिअर, हायड्रॉलिक आणि ब्रेक एकाच तेलात चालतात. त्यासाठी यूटीटीओ नावाचं वेगळं तेल येतं. साध्या गिअर तेलावर ब्रेकच्या चकत्या घसरतात, ओरडतात. उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्या घेऊन निपाणी-चिकोडीच्या उतारावर हा ट्रॅक्टर जाणार असतो, म्हणून इथे मी कुणालाच सवलत देत नाही. तेल काढा, योग्य तेल भरा, ब्रेक तपासा, मगच ट्रॉली जोडा.

बॅकहो लोडरच्या मागच्या ॲक्सलमध्येही बऱ्याचदा असेच ब्रेक असतात. तिथेही मॅन्युअल बघितल्याशिवाय डबा फोडू नका.

ऑइलमध्ये टाकायची ती "ताकद वाढवणारी" बाटली घेऊ का?

नको. चांगल्या तेलात रसायनांचं प्रमाण बसवलेलं असतं, वरून टाकून ते बिघडतं. तेवढ्या पैशात एक जास्तीचा एअर फिल्टर घ्या.

बनावट तेल कसं ओळखायचं?

वासावरून किंवा बोटांवरून ओळखतो म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, मलाही येत नाही. बुचाखालची फॉइल, सीलची कडी, डब्यावरचा बॅच नंबर आणि बिलावरचा तपशील जुळतो का ते बघा. ओळखीच्या अधिकृत विक्रेत्याकडून पक्क्या बिलानं घ्या. रिकामा डबा भंगारवाल्याला देण्याआधी त्याला भोक पाडा. तुमचाच डबा पुन्हा भरून तुमच्याच गावात विकला जाऊ शकतो.

तेल लॅबमध्ये तपासून घेणं परवडतं का?

एक जेसीबी असेल तर वर्षातून एकदा तरी घ्या, चार-पाच मशीन असतील तर प्रत्येक बदलीला. रिपोर्टमध्ये लोखंड, तांबं यांचे आकडे कुठला भाग झिजतोय ते सांगतात. मी आधी सिलिकॉन बघतो. सिलिकॉन वाढलं म्हणजे धूळ आत येतेय, आणि नव्वद टक्के वेळा रबरी होज चिरलेली किंवा एअर फिल्टर नीट न बसलेला सापडतो, असं माझ्या हातचं गणित आहे. सोडियम दिसलं तर कूलंटकडे संशय.

नमुना मशीन गरम असताना, तेल सोडताना मधल्या धारेतून घ्या. पहिली धार तळाचा गाळ घेऊन येते.

पायपातून बारीक फवारा उडतोय, पण कुठून ते कळत नाही.

हात लावून शोधू नका. जास्त दाबाचा तेलाचा फवारा कातडी भेदून आत जातो, वर फक्त सुई टोचल्यासारखं दिसतं. पुठ्ठ्याचा तुकडा लांबून धरा, ओला झाला की जागा सापडली. कुणाला लागलंच तर दुखत नसलं तरी लगेच हॉस्पिटल गाठा आणि "हायड्रॉलिक तेल दाबानं आत गेलंय" असं स्पष्ट सांगा. बोट जाऊ शकतं.

ऑपरेटर ऐकतच नाहीत, काय करू?

त्यांना वाचता येईल असं लिहा. आपल्या साइटवर एक ऑपरेटर मराठी, दुसरा कन्नड, हेल्पर झारखंडचा. इंग्रजी तक्ता केबिनमध्ये चिकटवून उपयोग काय? मी रंग वापरतो. हायड्रॉलिकच्या डब्याला, त्याच्या नरसाळ्याला आणि टाकीच्या झाकणाला निळी पट्टी, इंजिनाला लाल, गिअरला पिवळी. ज्या मालकांनी हे केलं तिथे चुकीचं तेल पडल्याचं मी पुन्हा ऐकलं नाही. आणि ग्रीसिंगची पंधरा मिनिटं त्याच्या कामाच्या तासांत धरा. ती तुम्ही कापलीत तर तोही निप्पल कापणारच.

काढलेलं जळकं तेल कुठे द्यायचं? सेंटरिंगवाले स्लॅबच्या फळ्यांना लावायला न्यायला येतात.

कायद्यानं वापरलेलं तेल हा घातक कचरा आहे. २०१६ च्या घातक कचरा नियमांनुसार ते अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच जायला हवं. त्यात आम्लं आणि झिजलेला धातू असतो. ते ओढ्यात, शेताच्या बांधावर ओतलं तर आपल्याच विहिरीत येतं. झाकणाच्या बॅरलमध्ये साठवा, त्यात पाणी, कूलंट, डिझेल मिसळू नका आणि नेणाऱ्याकडून पावती घ्या.

हंगाम संपला, मशीन चार महिने उभी राहणार. काय करू?

जुनं तेल तसंच ठेवून उभी करू नका, त्यातलं आम्ल पावसाळाभर बेअरिंगला खातं. तेल आणि फिल्टर आधीच बदला, मग मशीन थोडी चालवून नवं तेल सगळीकडे पोहोचू द्या. सिलिंडरचे रॉड शक्य तितके आत घ्या, बाहेर राहतील तेवढ्यांवर ग्रीस फासा. डिझेल टाकी भरून ठेवा, म्हणजे आत घाम धरणार नाही. पंधरवड्यातून एकदा मशीन पूर्ण तापेपर्यंत चालवा. दोन मिनिटं घुरघुरवून बंद केली तर आत उलट पाणी धरतं.

आणि खंडेनवमीला मशीन प्रेशर पंपानं धुताना फवारा ब्रीदरवर, सीलवर, निप्पलवर मारू नका. धुऊन झाली की हळदी-कुंकवाआधी सगळे निप्पल पुसून ग्रीस मारा, पाणी बाहेर येऊन स्वच्छ ग्रीस दिसेपर्यंत. मग हार घाला.